ऑस्टिनच्या दारांचं कापड

माझी मधली नणंद कौशी उसाच्या ट्रॅक्टरवर बसून नरसोबाच्या वाडीला गेली आणि संध्याकाळी गळ्यात हार घालून, नवऱ्यासकट घरी परतली, ते साल एकोणीसशे चौऱ्याऐंशी. आमच्या घरात अजूनही त्याला कौशीचं साल म्हणतात. सासूबाई आठ दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. आमचे हे रेल्वेत गँगमन, ते आपले रुळांवर. त्या गोंधळात थोरली सून, म्हणजे मी, सकाळी किती वाजता बाहेर पडते आणि किती वाजता परत येते, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. म्हणून ती गाडी मला पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत बघायला मिळाली.

गाडी आली ती दोन बैलांनी ओढून. मिरजेच्या स्टेशन रोडवर भर उन्हात काळी, लांब नाकाची ऑस्टिन, तिला दोर बांधलेला, पुढं बैल, मागं ढकलायला चारजण आणि त्यांच्यामागं अर्धं मिरज. सुकाणूवर रानडेबाई. मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या, निवृत्त होऊन चार वर्षं झालेली. बाई अशा ताठ बसल्या होत्या की बैल नसते तरी गाडी चालली असती. आमच्या दुकानासमोर त्यांनी ब्रेक दाबला. ब्रेक लागला नाही. बैल मात्र थांबले.

दुकान दस्तगीरचाचांचं, अत्तार कुशन वर्क्स. पुढं सागवानी फळीचा लांब बाक, त्यावर कापणं, चिकटवणं, ठोकणं. मागं गोणपाटाचा पडदा आणि पडद्यामागं माझी शिलाईची मशीन. जीपचे हूड, एसटीच्या गाद्या, स्कूटरच्या सीटा, सगळं मी शिवायची, पण दिसायचे चाचाच. त्यांचं म्हणणं, बाई कामाला दिसली की गिऱ्हाईक भाव पाडतं. मी म्हणायची, मग पडद्यामागनं मशीनचा आवाज येतो तो काय भुताचा? ते म्हणायचे, भुताला कुणी भाव विचारत नाही.

चाचांच्या घरात सात पिढ्या अत्तराचा धंदा. चाचा तेवढे गाद्यांकडं वळले, पण नाक घरचंच घेऊन आले होते. गाडीच्या सीटचा कोपरा उचकटून ते नाक लावायचे आणि सांगायचे, हे चिकटवणं बेळगावचं आहे, आत काथ्या भरलाय तो ओला होता, आणि मागच्या बाजूला कधीतरी बोकड बसून गेलाय. ड्रायव्हर लोक तोंडात बोट घालायचे. कऱ्हाडपासून चिकोडीपर्यंत दस्तगीरचं नाक म्हणून बोललं जायचं. जुन्या गाडीचं काम आलं की आधी हे नाक लागायचं. कारण जुनं चिकटवलेलं काढायचं तर ते कशाचं आहे हे कळायला हवं. रबराचं सोल्युशन असेल तर पेट्रोलनं फुगतं, खळ असेल तर पाण्यानं सुटते, डांबरी असेल तर रॉकेल. चुकीचं औषध लावलं की डिंक जागचा हलत नाही आणि कापड मात्र मरतं.

मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. फळीवरचे डबे मी वासानंच ओळखायची. एका पावसाळ्यात छत गळून सगळ्या डब्यांवरचे कागद निघून गेले, तेव्हा मी एकेका डब्याचं झाकण उघडून तासाभरात सगळे जागच्या जागी लावून दिले. चाचा बघत उभे होते. त्या दिवसापासून ते मला अधूनमधून पडद्याबाहेर बोलवायला लागले. जुन्या सीटचा तुकडा पुढं करायचे आणि म्हणायचे, "केरा, हे कसलं? सांग बघू." मी वास घ्यायची, सांगायची. ते मान हलवायचे आणि कामाला लागायचे. बरोबर म्हणायचे नाहीत, चूक म्हणायचे नाहीत. मला वाटायचं, चाचा मला शिकवतायत. तीन वर्षं ही शाळा चालली होती.

तर रानडेबाई खाली उतरल्या आणि त्यांनी काम सांगितलं. गाडी वडिलांची, वडील मिरजेतले वकील. सीटा नव्या, छताचं आतलं कापड नवं, खालचा गालिचा नवा, त्यात काही बोलायचं नाही. पण चार दारांना आतून जे कापड आहे ते जसंच्या तसं राहायला हवं. त्यांनी दार उघडून दाखवलं. मी पडद्यामागनं पुढं कधी आले मलाच कळलं नाही.

साईच्या रंगाचं रेशमी कापड, त्यावर गडद तांबड्या धाग्यानं पेरूची झाडं भरलेली. प्रत्येक झाडाखाली एक खार. चार दारं, चार झाडं, चार खारी, आणि एकीसारखी दुसरी नाही. एक पेरू खात होती, एक वर बघत होती, एक झाडाकडं पाठ करून रुसली होती. रानडेबाईंच्या आईनं ते भरलं होतं, बाई वीस वर्षांच्या असताना. आई अजून होत्या. अक्षय तृतीयेला त्यांना नव्वद वर्षं पुरी होणार होती आणि त्या दिवशी त्यांना ह्या गाडीतून गावात फिरवायचं होतं. हातात अठरा दिवस. कापडाखालचा पुठ्ठा चाळीस वर्षांच्या ओलीनं फुगून वाकडा झाला होता, कापड त्याच्याबरोबर ताणलं जाऊन कडांना विरायला लागलं होतं. पुठ्ठा बदलायलाच हवा होता. एका मोठ्या दुकानानं सांगितलं होतं, कापड सुटणार नाही, फेकून द्या, आम्ही झकास रेग्झिन लावतो.

"ते दुकान मी सोडलं," रानडेबाई म्हणाल्या. "कापड फाटलं तर मला गाडीही नको. ती इथंच ठेवा आणि कोंबड्या पाळा."

त्या गेल्यावर चाचा बराच वेळ गाडीभोवती फिरले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "केरा, ही चार कापडं धडपणी सुटली आणि धडपणी बसली, तर पडदा काढू. तू पुढच्या बाकावर."

मला घरी जाताना रस्ता दिसत नव्हता. पुढचा बाक म्हणजे कारागीर. पुढचा बाक म्हणजे आलेल्या माणसाशी मी बोलणार, माप मी घेणार, हे कापड टिकेल आणि ते टिकणार नाही हे मी सांगणार. घरी सासूबाई भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या, कौशी रडत होती, नवा जावई परड्यात एकटाच गवत उपटत होता, आणि मी मात्र भाकरी थापताना आपली हसत होते. सासूबाईंनी आठ दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं ते मला विचारायला, की तुला काय झालंय.

दुसऱ्या दिवशी सीटा काढल्या, छताचं कापड काढलं. ते सुईदोऱ्याचं आणि खिळ्यांचं काम, पटापट झालं. तिसऱ्या दिवशी चाचांनी पहिल्या दाराचे स्क्रू खोलले, पुठ्ठा कापडासकट उतरवून बाकावर उपडा ठेवला. कड जरा उचलली. आत तपकिरी, काचेसारखा कडक थर.

"केरा, हे कसलं? सांग बघू."

मी वाकले, थरावर तोंडानं गरम हवा सोडली, वास घेतला. क्षणात कळलं. आमच्या मिरजेत सतारी बनतात. माझ्या घरापासून दुकानापर्यंतची वाट सतारवाल्यांच्या गल्लीतून जाते, आणि तिथं रोज सकाळी शेगडीवर सरस शिजत असतो. कातडी आणि खुरं उकळून केलेला डिंक. ज्याच्या नाकात तो वास एकदा गेला तो जन्मात विसरत नाही. हा तोच होता.

पण गाडीत सरस? तीन वर्षं चाचांच्या तोंडून मी ऐकलं होतं की गाडीला सरस कुणी लावत नाही. उन्हाळ्यात तडकतो, पावसाळ्यात कुजतो. गाडीला रबर. मला वाटलं, आज मोठी परीक्षा आहे. चाचांनी नाक न लावताच ओळखलंय आणि मला फशी पाडतायत. सतारवाल्यांच्या गल्लीतनं आलेली बाई, हिच्या नाकात सरसच बसलेला असणार, बघू काय म्हणते. समोर बाक दिसत होता. मी नाकाचं ऐकलं नाही, डोकं चालवलं.

"रबर," मी म्हणाले.

चाचांनी मान हलवली आणि पेट्रोलची वाटी घेतली.

ब्रशानं त्यांनी कडेखाली पेट्रोल सोडलं. रबर असतं तर एवढ्यात फुगून अंगठ्याखाली वळ्या आल्या असत्या. काही झालं नाही. पुन्हा सोडलं. थर तसाच. मी वाट बघत होते, चाचा आता हसतील आणि म्हणतील, फसलीस. ते हसले नाहीत. म्हणाले, जुनं रबर हट्टी होतं, थिनर आण. मी थिनर आणला. मनात म्हटलं, परीक्षा फार लांबवतायत. त्यांनी झाडाच्या बुंध्याशी पाठीमागनं एक थेंब लावला. मग आणखी एक. थर दगडासारखा बसून राहिला. मी कापडाची पुढची बाजू उचलून बघितली, तर पेरू खाणाऱ्या खारीचा मागचा पाय गुलाबी झाला होता. तांबडा धागा रंग सोडत होता आणि तो रंग साईच्या रेशमावर पसरत होता.

मी हातातलं फडकं त्यावर दाबलं. चाचांचे हात तसेच हवेत राहिले. चाळीस वर्षांत एक टाका वाकडा न गेलेले हात.

"चाचा, हा सरस आहे," मी म्हणाले. "सतारवाल्यांचा."

"मग रबर का म्हणालीस?"

"तुम्हाला ठाऊक होतंच की. तुम्ही परीक्षा घेत होता."

चाचा बाकावर बसले. मग इतक्या हळू बोलले, की मला पुढं वाकावं लागलं.

"केरा, तीन वर्षं झाली. मला वास येत नाही. कशाचाच नाही."

मला आधी कळलंच नाही. मग एकेक कळत गेलं. थिनर, सोल्युशन, चाळीस वर्षं नाकाशी धरलेलं, त्यानं नाक आतनं जाळून टाकलं होतं. एका ईदला शिरखुर्मा शेजारच्या चुलीवर करपून कोळसा झाला आणि चाचा तिथंच बसून पेपर वाचत होते. चाची धावत आली, तिला वाटलं ह्यांचा डोळा लागलाय. त्यांनी तसंच वाटू दिलं. अत्ताराच्या घरात जन्मलेला माणूस कुणाला काय सांगणार? आणि ज्या नाकासाठी लांबून गाड्या येतात ते नाक गेलं म्हटल्यावर गाड्या तरी कशाला येतील?

म्हणजे ती शाळा शाळा नव्हतीच. दर वेळी चाचा मला खरोखरच विचारत होते. मी जे सांगितलं त्यावर त्यांनी तीन वर्षं काम केलं, आणि एकदाही अडलं नाही, कारण मी तोवर खरं सांगत होते. ज्या एका दिवशी मी त्यांना काय ऐकायचंय ते बघून बोलले, त्या दिवशी खारीचा पाय गेला.

मला रडू यायला हवं होतं. पण खरं सांगते, अंगात वीज भरल्यासारखं झालं. तीन वर्षं माझ्या नाकावर दुकान चाललं होतं आणि मला पत्ता नव्हता.

मी म्हटलं, आता काय करायचं? चाचा म्हणाले, "आता तुला जे येतंय तेच बोलायचं. माझ्या तोंडाकडं बघायचं नाही."

मी तशीच निघाले, पायात चप्पल एक माझी आणि एक चाचांची. सतारवाल्यांच्या गल्लीत मकबूलसाब म्हणून म्हातारे कारागीर होते, दात नाहीत, पण जीभ शाबूत. त्यांना विचारलं, चिकटवलेली सतार परत उघडायची तर कशी उघडता? ते म्हणाले, कुणाची सतार? मी म्हटलं, मोटारीचं दार आहे. त्यांनी हातातला रंधा खाली ठेवला आणि विचारलं, की मोटारीला तारा कुठं असतात. मग मी सगळं सांगितलं. तेव्हा म्हातारा हसायला लागला. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या साली रबर मिळत नव्हतं, सगळं फौजेला जायचं. त्यांच्या वडिलांनी त्या दिवसांत बग्गीच्या गाद्या, पेट्या, वकिलांच्या टोप्यासुद्धा सरसानं चिकटवून दिल्या होत्या. "असेल आमचंच काम," ते म्हणाले, "म्हणून तर तुझ्या उस्तादाला सुटत नाही."

उपाय त्यांनी दोन वाक्यांत सांगितला. सरसाला ओल दाखवायची आणि ऊब दाखवायची, दोन्ही एकदम. आणि ओल लाकडाला पाजायची, भोपळ्याला नाही.

मी परत धावले. कापडाच्या मागं दुमडलेल्या शिवणीतनं तांबड्या धाग्याचा एक तुकडा उसवला, पाण्यात बुडवून पांढऱ्या फडक्यात दाबला. फडकं गुलाबी. म्हणजे पाणीही चालणार नव्हतं. थिनरनं रंग जातो, पाण्यानं रंग जातो, आणि सरस पाण्याशिवाय सुटत नाही. चाचा म्हणाले, झालं, घेऊ कोंबड्या. पण माझ्या डोक्यात म्हाताऱ्याचं बोलणं फिरत होतं. लाकडाला पाज. आमच्याकडं लाकूड कुठलं? आमच्याकडं पुठ्ठा. आणि पुठ्ठा तर आम्ही टाकूनच देणार होतो.

"चाचा, पुठ्ठा मरू दे," मी म्हणाले. "मागनं भिजवायचा. वाफ पुठ्ठ्यातनं सरसापर्यंत जाईल. कापडापर्यंत जायच्या आत आपण थांबायचं."

"कुठं थांबायचं ते कसं कळणार? आत दिसतंय काय?"

"वास येईल की."

चाचा उठले आणि चाळीस वर्षांनी तरुण झाल्यासारखे कामाला लागले. पेट्रोल आणि थिनरचे डबे आधी रस्त्यापलीकडं नेऊन ठेवले, कारण आता विस्तव येणार होता. माझी कोळशाची इस्त्री पेटवली. बाकावर चार पदरी सुकं मांजरपाट अंथरलं, त्यावर कापडाची पुढची बाजू खाली करून पुठ्ठा ठेवला. पुठ्ठ्याच्या पाठीवर ओलं पिळलेलं गोणपाट, त्यावर इस्त्री. वाफ उठली. मी बाकाला गाल टेकवून कडेशी नाक लावलं.

आधी गोणपाटाचा वास. मग ओल्या कागदाचा. इस्त्री फिरत होती, चाचा दर थोड्या वेळानं विचारत होते आणि मी नाही म्हणत होते. रस्त्यावर दोन ड्रायव्हर येऊन उभे राहिले. चहावाला आला तो चहा हातात धरूनच थांबला. आणि मग एकदम, कुणीतरी दार उघडून आत यावं तसा, तो वास आला. ओली कातडी, खूर, सतारवाल्यांची सकाळ.

"आता," मी म्हणाले.

चाचांनी इस्त्री उचलली, पुठ्ठा उलटा केला, हाडाची पातळ पट्टी कडेखाली घातली. कापड सुटायला लागलं, चार बोटं, वीत, दोन विती, भाकरी तव्यावरनं सुटावी तसं. मधेच मला आंबूस वास आला. म्हणजे पाणी जास्त आत गेलं. मी थांबा म्हटलं, त्यांनी थांबून सुकं मांजरपाट दाबलं, दुसरं घेतलं, पुन्हा इस्त्री, पुन्हा वास, पुन्हा पट्टी. दोन तासांनी पहिलं झाड हातात आलं. रंगाचा एक ठिपका उतरला नव्हता. एक गुलाबी पाय होता तेवढाच.

चहावाल्याचा चहा गार झाला होता. त्यानं तो आम्हाला फुकट दिला.

रुसलेल्या खारीनं मात्र घाम काढला. त्या दाराला मागं कधी पाणी लागलेलं, पुठ्ठ्याचा लगदा झाला आणि कापडाला चिकटून बसला. मग पट्टी नाही, नखं. मी आणि चाचा समोरासमोर बसून बोटांच्या टोकांनी तो लगदा वेचत होतो, तांदळातले खडे वेचावेत तसा. सातव्या दिवशी चारही कापडं दोरीवर सावलीत वाळत होती आणि मी त्यांच्याखाली बसून जेवले, कारण तिथनं हलावंसं वाटेना.

आता नवा डिंक कुठला लावायचा? बाजारातनं तीन प्रकारचं सोल्युशन आणलं. मे महिन्याचं ऊन म्हणजे गाडीचं छत तवा होतं, तिथं टिकेल तेच खरं. दुकानाच्या पत्र्यावर प्रत्येक सोल्युशननं एकेक पट्टी चिकटवली, पट्टीच्या टोकाला लोखंडी नट बांधून पन्हळीवरनं खाली सोडला. दुपारी बारा वाजता पहिला नट पडला तो शेजारच्या सायकलवाल्याच्या टोपीत. दीड वाजता दुसरा. तिसरा संध्याकाळपर्यंत लटकत होता, दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. छताला तो ठरला.

दारांच्या कापडाला मी तोच म्हटलं, पण चाचांनी मान हलवली. रबराचं तेल दहा वर्षांत रेशमात उतरतं, पिवळे डाग पडतात. सरस लावावा तर पावसाळ्यात कुजतो, वर झुरळं खातात. मग ते म्हणाले, आईच्या कापडाला डिंक लागताच कामा नये. खाली दुसरं कापड घ्यायचं, धुऊन आटवलेलं मांजरपाट. त्यावर हे रेशीम बारीक टाक्यांनी टाचायचं. आणि डिंक लावायचा तो मांजरपाटाच्या दुमडलेल्या कडांना, नव्या पुठ्ठ्याच्या पाठीवर. उद्या कुणाला काढायचं झालं तर टाके उसवले की झालं, ना पेट्रोल ना पाणी.

हे मला सुचलं नसतं. नाक माझं असेल, पण हे चाळीस वर्षांचं होतं. मी टाके घातले, एका इंचात बारा, धागा रेशमातलाच वाटेल असा. अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी दुपारी शेवटचा स्क्रू बसला.

रानडेबाई आल्या. गाडीत बसल्या, सीट दाबून बघितली, छताकडं बघितलं. मग एकेक दार उघडून प्रत्येक झाडावर बोट फिरवलं. पहिल्या दाराशी त्यांचं बोट थांबलं.

"हा पाय गुलाबी कसा?"

चाचा सांगू शकले असते की तो आधीपासूनच होता. चाळीस वर्षांच्या कापडावर एक डाग, कोण शपथ घेणार? दुकानात तेव्हा तीन ड्रायव्हर बसलेले होते, त्यातला एक चिकोडीचा, ज्यानं बोकडाची गोष्ट चार गावांत सांगितली होती.

"तो डाग आमचा," चाचा म्हणाले. "डिंक ओळखायला चुकलो. माझं नाक गेलंय, बाई. तीन वर्षं झाली. कापड सुटलं ते हिच्या नाकावर, ह्या केराबाईच्या. सगळी दारं हिनं काढली."

चिकोडीचा ड्रायव्हर विडी पेटवत होता, तो काडी बोटाला लागेपर्यंत तसाच राहिला. मला वाटलं, जमीन दुभंगून आत घ्यावं. चाचांनी सात पिढ्यांचं नाव चार वाक्यांत बाकावर ठेवून दिलं होतं.

रानडेबाईंनी चाचांकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग मागच्या गोणपाटाच्या पडद्याकडं.

"मग हिला त्या पोत्याच्या मागं कशाला बसवलंत?" त्या म्हणाल्या. "आमच्या शाळेत हुशार मुलगी पुढच्या बाकावर बसायची."

चाचा उठले. दोन ओढीत त्यांनी पडदा खाली घेतला, घडी केली आणि इस्त्रीखाली घालायला म्हणून माझ्या हातात दिला. मग स्वतः जाऊन माझं मशीन पुढं ओढायला लागले. ते जड होतं. चिकोडीचा ड्रायव्हर विडी टाकून दुसऱ्या बाजूनं हात लावायला आला.

मधल्या दिवसांत एका मेकॅनिकनं येऊन इंजिन आणि ब्रेक दुरुस्त केले होते, म्हणून अक्षय तृतीयेला गाडी स्वतःच्या पायांनी चालली, बैल नव्हते. दुकानासमोर ती थांबली आणि मागची काच खाली आली. आत एवढीशी, पांढरी म्हातारी. तिनं मला जवळ बोलावलं, दारावरच्या झाडाकडं बोट केलं आणि म्हणाली, ह्या खारीनं रंगपंचमी खेळलेली दिसते. मग ती इतकी हसली, की रानडेबाईंना तिला धरावं लागलं.

पुढचे दोन-तीन महिने काही गिऱ्हाइकं दुसरीकडं गेली. त्यानंतर सांगोल्याहून एक म्हातारा जुनी जीप घेऊन आला आणि बाकापाशी उभा राहून त्यानं विचारलं, वास घेणारी बाई कुठली? चाचांनी कात्रीनं माझ्याकडं दाखवलं आणि पुन्हा कापायला लागले.

रानडेबाईंच्या आई त्याच वर्षी दिवाळीच्या आधी, ऑक्टोबरमध्ये गेल्या. दस्तगीरचाचा एकोणीसशे शहाण्णव सालच्या फेब्रुवारीत, एका मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला, दुकानातच गेले.